बाभळीवरचा संसार

सबहा ही माझी बहीण. सख्खी, पाठची. अख्ख्या सिनाईच्या डोंगरांत तिच्यासारखे पाय असलेली बाई नाही, आणि तिच्यासारखी जीभ असलेली तर नाहीच नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून सांगायचं झालं असतं तर याच्या दुप्पट सांगितलं असतं.

शाळा आम्ही दोघं सारखीच शिकलो, म्हणजे मास्तर होता तोवर. मास्तर नाईलकाठचा. त्याला आमच्याकडची थंडी सोसेना. एका हिवाळ्यात तो ब्लँकेट पांघरून गेला तो गेलाच. आम्ही परत शेळ्यांमागे. पण तेवढ्यात सबहा वाचायला शिकली आणि मी सही करायला. माझी सही बघण्यासारखी आहे, पण ते असो.

रागाचं म्हणाल तर तो तिच्या अंगात पहिल्यापासून. दुधाचे दात पडत होते तेव्हाची गोष्ट. किनाऱ्याकडचा एक जीपवाला आमचं करडू चिरडून, न थांबता निघून गेला. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो. सबहा वळसा घालणाऱ्यातली नाही. मेलेलं करडू खांद्यावर टाकून ती सरळ खिंड चढली, पलीकडे उतरली आणि जीप पोचायच्या आत रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला. हिनं करडू बॉनेटवर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं मागं राहिलं होतं." तो माणूस पुढं कैक वर्षं आमच्या घरावरून जाताना हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही.

तिचं लग्न झालं, पोरं झाली. नवरा किनाऱ्यावरच्या हॉटेलात आचारी आहे, सणाला येतो. तिनं वाटाड्याचं काम धरलं त्याला त्याची हरकत नव्हती. त्याची कधीच कशाला हरकत नसते, म्हणून तर संसार टिकला.

हरकत होती ती आमच्या जमातीच्या शेखची, मुसल्लमची. त्याच्या बैठकीत सबहा गेली तेव्हा सगळे पुरुष पेले हातात धरून बघत राहिले. "बाहेरच्या बाया येतात, त्यांना बाई वाटाडी हवी असते," ती म्हणाली. "वाटा मला येतात. मी नेते."

शेख हसला. "आज बाई पाहुणे नेणार. उद्या म्हणाल, शेळ्या चहा करणार."

"तुमच्याकडे शेळ्याच करत असतील, शेख. परवा प्यायले तो तसाच लागला."

बैठकीत एक जण खोकला, एकानं रुमालात तोंड खुपसलं. मी मात्र उघड हसलो, कारण मला कुणाच्या बापाची भीती नाही. शेवटी शेखनं परवानगी दिली, पण अटी घालून. फक्त बायकांना न्यायचं. दिवस मावळायच्या आत परत यायचं. आणि भावानं जामीन राहायचं. "आणि एक चूक," शेख बोट वर करून म्हणाला, "एकच. की तुझं बंद, आणि तुझ्या मागून ज्या पोरी तयार होतील त्यांचंही बंद."

जामीन अर्थातच मी. जमातीत माझ्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं फार थोड्यांच्या शब्दाला आहे. शेखही हे मानतो, फक्त बोलून दाखवत नाही.

आता आमच्यात वाटाड्या पाहुणा नेतो तो स्वतःच्या तोंडावर, म्हणजे स्वतःच्या अब्रूवर नेतो. पाहुण्याच्या केसाला धक्का लागला तर तो वाटाड्याच्या तोंडाला लागला. आणि पाहुण्यानं कुणाचं वाकडं केलं तर तेही वाटाड्याच्याच तोंडानं केलं. पाहुणा बसमध्ये बसून निघून जातो. तोंड इथंच राहतं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर कैरोहून बायकांचा एक गट आला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट, हातात रबरी मोजे, आणि काळ्या पोत्यांचे गठ्ठे. त्यांची पुढारी इंजी मॅडम. उंच, गोरी, गळ्यात शिट्टी. त्यांना एका दिवसात जुमेआ वलीच्या दरीत जाऊन यायचं होतं. सकाळी खिंडीवरून चालत जायचं, दर्ग्याला दुवा मागायची, जेवायचं, संध्याकाळच्या आत परत. आणि जाताजाता वाटेतला कचरा उचलायचा. जेवणाचं सामान घेऊन एक भाड्याचा पिकअप दरीच्या खालच्या तोंडानं येणार होता, तोच पोती घेऊन जाणार होता.

खरं सांगायचं तर सबहाला त्या आवडल्या. खिंडीत कुणीतरी टाकलेल्या बाटल्या, डबे, प्लास्टिक. त्या वाकून वाकून उचलत होत्या, घाम पुसत होत्या, कुणाची कुरकुर नाही. एक जाडशी बाई धापा टाकत म्हणाली, "सबहा, अजून किती चढ आहे गं?"

"एवढासाच."

"मघाशीही एवढासाच होता!"

"तो मघाचा होता, ताई. हा आत्ताचा."

सगळ्या हसल्या. खिंडीच्या माथ्यावर सबहानं सगळ्यांना बसवलं आणि नेहमीसारखं सांगितलं. दर्ग्यात चपला काढायच्या. कबरींवर बसायचं नाही. झऱ्यात पाय घालायचे नाहीत. दगड उचलून घरी न्यायचे नाहीत. दरीत मोठ्यानं गायचं नाही, वलीला आवडत नाही. शिट्टी खिशात ठेवायची. इंजी मॅडमनं ताबडतोब शिट्टी खिशात ठेवली.

सगळं सांगितलं. एक सांगायचं राहिलं. बाभळीवरच्या वस्तूंना हात लावू नका, हे ती बोलली नाही. कशी बोलेल? तुम्ही पाहुण्याला सांगता का, की माझ्या ताटातला घास काढून घेऊ नका म्हणून? माझं पोर उचलून नेऊ नका म्हणून? ज्या गोष्टीचा विचारसुद्धा आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आला नाही, ती बंद करायला शब्द कुठून आणायचा?

दर्ग्यापाशी ती बाभूळ आहे, म्हातारी, तंबूएवढी पसरलेली. ज्याला जे आता नको आणि पुढं लागणार, ते तो दोरीनं बांधून तिच्या फांदीला टांगतो आणि जातो. पीठ, किटली, चटया, काहीही. वर्ष जावो, दोन जावोत. आमच्या बापानं एकदा पिठाची पिशवी टांगली आणि त्याच आठवड्यात त्याला पोलिसांनी धरून नेलं. सुटून आला तेव्हा पिशवी जागच्या जागी. पीठ उंदरांनी खाल्लं होतं, पण उंदरांना जमातीचा कायदा लागू नाही.

त्या दिवशी बाभळीवर सगळ्यात मोठं बोचकं होतं ते हज करून आलेल्या हज्जा गालियाचं. ही एकटी म्हातारी उन्हाळाभर शेळ्या घेऊन वर पठारावर राहते, तिथं तिची जर्दाळूची बाग आणि दगडी खोली आहे. थंडीत खाली दरीत उतरते. तिचा थंडीतला तंबू, म्हणजे शेळीच्या केसांच्या पट्ट्या तिनं स्वतः विणून जोडलेला, तिचं जातं, तिची किटली आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट, हे सगळं तिथं लटकत होतं.

दुपारी सबहानं निखाऱ्यात भाकरी भाजली, राख झटकून मोडून वाटली, तेलात बुडवून सगळ्यांनी खाल्ली. मग चहा. त्यावर काही जणींना वरचा झरा बघायचा होता. सबहा त्यांना घेऊन गेली. इंजी मॅडम आणि बाकीच्या म्हणाल्या, आम्ही इथंच सावलीला थांबतो, उरलेलं आवरून टाकतो.

"आवरा," सबहा म्हणाली. आणि वर "देव तुमचं भलं करो" असंही म्हणाली. हे ती आजही आठवते आणि स्वतःला शिव्या घालते.

झऱ्यावरून उतरताना लांबूनच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दर्गा होता तिथं होता. घुमट होता. पण बाभूळ, भर बाजारात कपडे काढून घेतलेल्या माणसासारखी उभी होती. नुसत्या फांद्या. नवसाच्या चिंध्यासुद्धा नव्हत्या. सबहा धावत सुटली.

खाली थांबलेल्या सगळ्या जणी झाडाला पाठ लावून फोटो काढत होत्या.

"बघ!" इंजी मॅडम हात पसरून म्हणाली. "किती मोकळं वाटतंय ना आता झाड?"

"वरचं कुठाय?" सबहानं विचारलं. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मॅडमनं कान पुढं केला.

"काय?"

"झाडावरचं. कुठाय?"

"अगं, गेलं सगळं! किती वर्षांचं साठलं होतं, जुनी कापडं, भांडी, दगडसुद्धा होता त्यात एक, जड. आम्ही चौघींनी मिळून उचलला. गाडीवाला घेऊन गेला, टाकून देतो म्हणाला."

"कुठं टाकून देतो म्हणाला?"

"जिथं टाकतात तिथं. गावाबाहेर."

गावाबाहेरचा खड्डा सबहाला माहीत होता. तिथली आग कधी विझतच नाही.

मग तिचा आवाज चढला. दरीत मोठ्यानं बोलायचं नाही हे तिनंच सकाळी सांगितलं होतं. वलीनं त्या दिवशी कान झाकून घेतले असतील. "तो दगड नव्हता, जातं होतं! ती कापडं नव्हती, घर होतं! एका बाईचं घर तुम्ही पोत्यात भरलंत!"

"पण... इथं कुणीच नव्हतं," एक मुलगी पुटपुटली.

"कैरोत तुमच्या घराला कुलूप लावून आलात ना? तिथं आत्ता कोण आहे? कुणी नाही! जाऊ मी पोती घेऊन?"

"सबहा, ऐक," इंजी मॅडम म्हणाली, "आम्ही चांगल्यासाठी..."

"चांगल्यासाठी! चोर आला असता तर बरं झालं असतं. चोरानं वस्तू वापरली तरी असती!"

तिला पिकअपच्या मागं पळायचं होतं. तिनं कंबरही कसली. खालच्या वाटेनं एकटी पळत गेली असती तर तिनं गाडी गाठलीही असती, मी पैज लावतो. पण पाहुण्या तिच्या तोंडावर आलेल्या. त्यांना डोंगरात टाकून जाता येत नव्हतं. ज्यांचा गळा धरावासा वाटत होता त्यांनाच हात धरून घरी पोचवायचं होतं.

दरीत फोन लागत नाही, एका खडकावर चढलं तर लागतो. ती चढली. माझा फोन वाजला.

"औदा!"

एरवी ती मला दादा म्हणते. नुसतं नाव ऐकलं तेव्हाच मी गाडीची किल्ली उचलली.

"बाभूळ लुटली," ती म्हणाली. "माझ्या पाहुण्यांनी. गालियाचा तंबू खड्ड्याकडे चाललाय. पळ. आणि अर्ध्या वाटेवर चहा प्यायला थांबलास तर बघ."

परतीच्या वाटेवर सबहा सगळ्यांच्या पुढं, मागं न बघता. मागच्या बायका पळतच होत्या म्हणा. अवघड जागा आली की ती थांबायची, हात पुढं करायची, एकेकीला वर ओढून घ्यायची, पण एकीच्याही तोंडाकडे बघायची नाही. इंजी मॅडमला ओढलं तेव्हा मॅडमनं हात सोडला नाही.

"मी भरून देते सगळं," ती म्हणाली. "नवा तंबू. याच्यापेक्षा चांगला. कैरोहून पाठवते."

"कैरोचा तंबू! गालिया काय लग्नाचा मांडव घालून बसणार आहे?"

"मग काय करू सांग. मला माफ कर."

"माफी माझ्याकडे नाही, मॅडम. ती तिच्याकडे आहे, तिला वाटली तर देईल. माझ्याकडे नुसता राग आहे. तो हवा असेल तर घ्या, भरपूर आहे."

मी काय केलं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर म्हणाल हा स्वतःचंच सांगत बसला. त्या दिवशी मी ज्या वेगानं गाडी हाकली तशी आमच्या गावात कुणी हाकलेली नाही. पोचलो तेव्हा भाड्याचा गाडीवाला शेवटची पोती ढकलत होता. मी खड्ड्यात उडी मारली. हाताला फोड आले, दाढीची एक बाजू गेली, ती अजून नीट भरली नाही. जातं, किटली, तंबूच्या बहुतेक पट्ट्या निघाल्या. तंबूची मागची भिंत गेली. आणि हाजी रबीअचा कोट, गालियाच्या नवऱ्याचा, एका बाहीपासून छातीपर्यंत जळाला.

सबहानं पाहुण्यांना दिवस असतानाच त्यांच्या तळावर पोचवलं. निरोप घेतला नाही. एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी बाभळीखाली यायचं. सगळ्यांनी. तुमची बस त्याआधी हलली तर माझ्या नावावर थुंकून गेलात असं समजेन." आणि ती आमच्या अंगणात आली.

अंगणात सगळं पसरून ठेवलं होतं. धुराचा वास येत होता. तिनं कोट उचलला, परत खाली ठेवला.

मी तिला समजावलं. मला जमातीचे कायदे माहीत आहेत, कुठं किती ताणायचं तेही माहीत आहे. "हे बघ," म्हटलं, "गालिया थंडीशिवाय खाली उतरत नाही. शेखला अजून पत्ता नाही. माझी बायको मागची भिंत विणून देईल, हुबेहूब. कोटाचं म्हणू, उंदरांनी खाल्ला. आपण सगळं परत टांगून टाकू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं आता हे जातं माझ्या डोक्यात येतंय.

"तू माझा जामीन आहेस, की चोराचा भाऊ?"

"तुझंच काम वाचवतोय मी! शेख काय म्हणाला होता, विसरलीस? तुझं बंद, त्या पोरींचंही बंद."

"मग बंद होऊ दे! झाडावरची वस्तू गेली, आणि वर झाडाखाली उभं राहून खोटं बोलायचं? त्या बायांना निदान माहीत तरी नव्हतं, दादा. तुला माहीत आहे." आणि ती चपला न बदलता डोंगराकडे चालायला लागली. मी मागून. म्हातारीकडे तिला एकटं पाठवायला मी काही तसा भाऊ नाही.

पठारावर पोचलो तेव्हा दिवस मावळतीची, मगरिबची नमाज होऊन गेली होती. गालिया दगडी खोलीसमोर शेळ्या मोजून आत घालत होती. कमरेत वाकलेली, पण डोळे घारीचे.

"या वेळी? कोण मेलं?"

"कुणी नाही, हज्जा," सबहा म्हणाली आणि उभीच राहिली.

गालियानं चहा ओतून पेला पुढं केला. सबहानं हात लावला नाही. आमच्यात मागणं घेऊन आलेला माणूस मागणं मान्य झाल्याशिवाय घोटसुद्धा घेत नाही. गालियानं पेल्याकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"बोल."

सबहानं सगळं सांगितलं. पाहुण्या कोण, पोती कसली, आग कुठली. स्वतःला वाचवणारा एक शब्द नाही. मी मध्येच म्हणालो, "हज्जा, तिची चूक नाही, त्या बायांना..." तर दोघी एकदम म्हणाल्या, "तू गप्प बस."

"काय काय जळलं?" गालियानं विचारलं.

"तंबूची मागची भिंत. आणि हाजीचा कोट. एक बाही, आणि इथपर्यंत." सबहानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं.

 एक शेळी म्हातारीचा पदर चघळत होती, तिला तिनं हाकललंही नाही.

"माझा संसार त्यांना कचरा दिसला," ती शेवटी म्हणाली. "बरं. परकी माणसं. पण तू त्यांच्या पुढं चालत होतीस ना? त्यांना दिसेल असं तू काय दाखवलंस? दर्गा दाखवलास. झरा दाखवलास. दगड दाखवलेस. आम्ही राहिलो वाटतं."

सबहाच्या तोंडाला कुलूप लागलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. रागानं तिचे कान लाल झाले होते, आणि तो राग टाकायला जागा नव्हती, कारण तो तिच्यावरच होता.

गालियानं तो गार झालेला पेला उचलला आणि चहा मातीत ओतला. "सकाळी मी खाली येते. सामान झाडापाशी आण. मग बघू ते कुठं जातं."

म्हणजे काय ते आम्हा दोघांना कळलं. तिनं सामान परत बाभळीवर टांगलं तर सबहाचं तोंड शाबूत. गाढवावर लादून पठारावर नेलं तर झालं. ज्या झाडावर गालिया संसार ठेवत नाही त्या झाडाखाली सबहानं पाहुणे आणायचे नाहीत. मग शेखला बोट वर करायचीसुद्धा गरज उरत नाही.

सकाळी उन्हं दर्ग्याच्या घुमटावर यायच्या आत मी गाडी बाभळीखाली लावली. शेख मुसल्लम आधीच चटई टाकून बसला होता. कुणी सांगितलं म्हणून विचारू नका, आमच्याकडे बातमीला पाय असतात. हिरवे टी-शर्टही आले. सगळ्या आल्या, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. इंजी मॅडमच्या हातात एक फळी होती, पाट्या लावतात तशी, कालच रंगवलेली.

गालिया गाढव हाकत आली. गाढवाच्या दोन्ही बाजूंना मोठाल्या थैल्या. रिकाम्या. त्या बघितल्या आणि सबहानं मान खाली घातली.

"बसा सगळे," शेख म्हणाला. "जे झालं ते झालं. हज्जाची भरपाई ठरवू. आणि आजपासून बायकांनी पाहुणे..."

"मुसल्लम, हक्क कुणाचा?" गालियानं विचारलं.

"तुझा, हज्जा."

"तंबू कुणाचा जळला?"

"तुझा."

"मग धूर तुझ्यातून का निघतोय?"

मी हसलो. शेखनं माझ्याकडे बघितलं. मी अजून हसलो.

इंजी मॅडम पुढं आली. रात्रभर झोपली नसावी. "हज्जा, आम्ही ही पाटी आणलीय. इथं लावू. परत कुणाच्या हातून असं होऊ नये म्हणून."

"हे चांगलं आहे," शेख म्हणाला. "हे आधीच करायला हवं होतं."

"मला वाचता येत नाही," गालिया म्हणाली. "सबहा, काय लिहिलंय?"

सबहानं वाचलं. "या वस्तू वापरात आहेत. कृपया हात लावू नका." एकेका शब्दाला तिचा आवाज चढत गेला. शेवटच्या शब्दाला दरी घुमली. "आमच्या बाभळीला पाटी! आणि ज्या झाडाला पाटी नसेल त्याचं काय, मॅडम? ते लुटायला मोकळं? प्रत्येक फांदीला लावत फिरू? उद्या माझ्या पोरांच्या गळ्यात घालू, हे वापरात आहे, हात लावू नका?" तिनं फळी मॅडमच्या हातातून ओढून घेतली, गुडघ्यावर टेकवली आणि कडाडकन मोडली. दोन्ही तुकडे शेखच्या चहाखालच्या जाळात सारले. रंग ओला होता, धूर हिरवट निघाला. शेख चटईसकट मागं सरकला.

इंजी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडायचं नंतर," सबहा म्हणाली. "आधी सामान उतरवा. ज्या हातांनी चढवलंत त्याच हातांनी."

त्यांनी उतरवलं. जातं चौघींनीच आणलं. गालियानं एकेक वस्तू हातात घेतली, उलटी करून बघितली, खाली ठेवली. किटलीचा पोचा अंगठ्यानं दाबून बघितला.  मग तिनं कोट उचलला, जळकी बाही आत दुमडली, गाढवाकडे गेली आणि तो थैलीत घातला.

सबहानं डोळे मिटले. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, कारण जामीन मी होतो.

"हा मी नेते," गालिया म्हणाली. "हा आता मला जवळ हवा." आणि ती दोरी घेऊन परत आली. बाभळीखाली उभी राहिली, वर बघितलं. तिचा हात फांदीपर्यंत पोचेना.

"सबहा! काय खांबासारखी उभी आहेस? फांदी खाली ओढ."

सबहानं फांदी धरली. काटे तळव्यात घुसले, तिनं सोडली नाही. म्हातारीनं तंबूच्या पट्ट्या बांधल्या, जातं बांधलं, किटली बांधली. सावकाश, गाठीवर गाठ. शेख दुसरीकडे बघत होता.

"मागची भिंत थंडीच्या आत विणायची," गालिया गाठ आवळत म्हणाली. "तुझ्या वहिनीनं नाही. तू. आणि मला आणून द्यायची नाही. इथं टांगायची, माझ्या सामानाशेजारी. मी आले की घेईन."

"हो, हज्जा."

सबहाला विणता येत नाही हे सगळ्या डोंगराला माहीत आहे. गालियालाही.